विश्लेषण : उन्हाळ्यात निष्पर्ण, पावसाळ्यात घनदाट… चंद्रपूर-गडचिरोलीचे जंगल असे का?

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांवर पोहोचतो. त्या दिवसांत ताडोबाच्या जंगलात दूरवर आरपार दिसते. बहुतेक झाडांवर पान नसते, जमिनीवर पाचोळ्याचा थर असतो आणि पाणवठ्यांभोवती प्राण्यांची वर्दळ असते. ऑगस्टमध्ये हेच जंगल इतके दाट होते, की रस्त्यापासून दहा पावलांवर उभा असलेला गवाही दिसत नाही. अवघ्या तीन महिन्यांत होणारा हा पालट हवामानामुळे होतो. कोणती झाडे वाढतील, ती पाने कधी गाळतील, मोह कधी फुलेल, वाघ कुठे बसेल आणि माणसे जंगलात कधी शिरतील, हे सारे या हवामानाशी बांधलेले आहे. हे नाते काय आहे आणि त्यात बिघाड झाल्यास काय होऊ शकते, याचा वेध.

बायोम म्हणजे काय?

पृथ्वीच्या पाठीवर हवामान सारखे असलेल्या प्रदेशांत जंगलाची ठेवणही सारखी आढळते. प्रजाती वेगळ्या असतात, पण झाडांची उंची, पाने गाळण्याची सवय, गवताचे प्रमाण, प्राण्यांच्या जगण्याच्या तऱ्हा यांत साम्य असते. हवामानाने घडवलेल्या सजीवांच्या अशा मोठ्या पट्ट्याला बायोम म्हणतात. वाळवंट, गवताळ प्रदेश, सदाहरित वर्षावन, पानझडी वन, सूचिपर्णी वन, टुंड्रा हे जमिनीवरचे प्रमुख बायोम.

वनस्पती आणि हवामान यांची सांगड घालण्याचे प्रयत्न जुने आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्लादिमिर क्योपेन या हवामानशास्त्रज्ञाने जगाच्या हवामानाचे वर्गीकरण सुरू केले, तेव्हा त्याच्या नजरेसमोर वनस्पतीच होत्या. एखाद्या भागात कोणती झाडे टिकतात यावरून तेथील हवामान ओळखता येते, हे त्याचे सूत्र होते. पुढे रॉबर्ट व्हिटेकर या अमेरिकी परिसंस्थाशास्त्रज्ञाने वार्षिक सरासरी तापमान आणि वार्षिक पाऊस या दोनच अक्षांवर जगातील सगळे बायोम एका आलेखात मांडले. भारतातील वनांचे आजही वापरले जाणारे वर्गीकरण हॅरी चॅम्पियन आणि एस. के. सेठ यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात देशातील वनांचे १६ मुख्य गट आहेत. ताडोबाचे जंगल त्यात उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी वनात मोडते, तर गडचिरोलीच्या अधिक पावसाच्या भागात आर्द्र पानझडी वन आढळते.

एकाच अक्षांशावर कुठे वाळवंट, कुठे जंगल?

चंद्रपूर साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. जगाच्या नकाशावर याच अक्षांशावरून पश्चिमेकडे बोट फिरवले, तर ते अरबस्तानातील रब-अल-खाली या वाळूच्या समुद्रावरून जाते आणि पुढे थेट सहारात शिरते. सूर्य तोच, अक्षांश तोच, मग चंद्रपूरला जंगल आणि तिकडे वाळवंट का?

विषुववृत्ताजवळ तापलेली हवा वर चढते, तिथे पाऊस पाडते आणि कोरडी होऊन २० ते ३० अंश अक्षांशांच्या पट्ट्यात खाली उतरते. खाली उतरणारी हवा ढग बनू देत नाही. म्हणूनच जगातील बहुतेक मोठी उष्ण वाळवंटे याच पट्ट्यात आहेत. भारताला त्यातून मान्सून वाचवतो. उन्हाळ्यात आशियाचा भूभाग तापतो, पावसाचा पट्टा विषुववृत्तावरून उत्तरेकडे सरकतो आणि समुद्रावरचे बाष्प जमिनीकडे ओढले जाते. विदर्भात मान्सून साधारण जूनच्या मध्यास पोहोचतो. बंगालच्या उपसागरात तयार होणारे कमी दाबाचे पट्टे ओडिशा आणि छत्तीसगड ओलांडून येतात, तेव्हा महाराष्ट्रात त्यांचा पहिला फटका गडचिरोलीला बसतो. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर येऊन तालुक्याचा संपर्क तुटल्याची बातमी जवळपास दर पावसाळ्यात येते, ती त्यामुळेच.

मान्सून येण्याआधीचे दिवस मात्र वाळवंटाची आठवण करून देतात. मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य चंद्रपूरच्या बरोबर डोक्यावर येतो. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, समुद्रसपाटीपासूनची उंची दोनशे मीटरच्या आत, आकाश निरभ्र आणि वारे कोरडे. त्यामुळे चंद्रपूर, ब्रह्मपुरी ही नावे देशातील सर्वाधिक तापमानाच्या यादीत सतत दिसतात.

पाऊस भरपूर, तरी जंगल सदाहरित का नाही?

चंद्रपूर जिल्ह्यात वर्षाला साधारण ११०० ते १२०० मिलिमीटर पाऊस पडतो. गडचिरोलीत, विशेषतः पूर्वेकडे, तो त्याहून बराच अधिक असतो. लंडनमध्ये वर्षभरात जेमतेम ६०० मिलिमीटर पाऊस होतो, पण तिथली हिरवळ बारमाही असते. चंद्रपूरला त्याच्या जवळपास दुप्पट पाऊस होऊनही जंगल उन्हाळ्यात वाळलेले दिसते.

याचे उत्तर पावसाच्या वाटपात आहे. चंद्रपूरचा ८५ टक्क्यांच्या आसपास पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने जवळपास कोरडे जातात आणि त्यातले शेवटचे तीन महिने प्रचंड उष्ण असतात. लंडनचा पाऊस बारा महिने थोडा थोडा पडतो आणि थंड हवेमुळे बाष्पीभवन कमी होते. त्यामुळे पावसाच्या एकूण आकड्यावरून जंगलाचा अंदाज बांधता येत नाही. कोरडे महिने किती आणि ते किती तापतात, हे पाहावे लागते.

क्योपेनच्या वर्गीकरणात चंद्रपूरचे हवामान ‘उष्णकटिबंधीय सॅव्हाना’ या प्रकारात येते. सॅव्हाना म्हटले की आफ्रिकेतील विरळ झाडांची गवताळ मैदाने डोळ्यांसमोर येतात. अशा हवामानात दाट जंगल आणि गवताळ माळ ही दोन्ही रूपे शक्य असतात. त्यातले कोणते टिकेल, हे जमीन, वणवे, चराई आणि माणसाचा वावर यांवर ठरते. ताडोबाच्या गाभा क्षेत्रातील नवेगाव, जामणी यांसारखी गावे बाहेर वसवल्यानंतर त्यांच्या शेतजमिनींवर कुरणे तयार झाली. आज तिथे चितळ, सांबर आणि गवे चरताना दिसतात.

झाडे पाने का गाळतात?

पान हे झाडाचे स्वयंपाकघर. पण पानावरच्या सूक्ष्म छिद्रांतून झाड सतत पाणीही गमावते. जमिनीत ओल असेपर्यंत हा सौदा परवडतो. फेब्रुवारीनंतर ओल खोल जाते आणि हवा तापू लागते. तेव्हा पाने तशीच ठेवली तर खोडातील पाण्याच्या नळ्यांवरचा ताण वाढतो, त्यांत हवेचे बुडबुडे शिरतात आणि नळ्या कायमच्या निकामी होऊ शकतात. त्यापेक्षा पाने गाळून तो काळ काढणे झाडाला स्वस्त पडते. गाळण्याआधी पानांतील नत्रासारखी द्रव्ये झाड परत ओढून घेते. पडलेला पाचोळा पावसाळ्यात कुजून पुन्हा मातीत जातो.

याच एका अडचणीवर प्रत्येक झाडाने आपापला उपाय काढला आहे. सागाची पाने मोठी, पाऊण हातभर लांब, म्हणजे पावसाळ्यात भरपूर कमाई आणि उन्हाळ्यात पूर्ण सुट्टी. ऐनाच्या खोडात पाणी साठते आणि मगरीच्या पाठीसारखी त्याची जाड साल वणव्यापासून संरक्षण देते. पर्यटकांना ‘भुत्या’ म्हणून दाखवला जाणारा कांडोळ उन्हाळ्यात पांढरट खोड घेऊन उभा असतो. फिकट साल ऊन परतवते आणि तिच्या आतला हिरवा थर पाने नसतानाही थोडे अन्न तयार करतो. नाल्यांच्या काठी अर्जुन, जांभूळ, उंबर मात्र मेमध्येही हिरवे असतात, कारण त्यांच्या मुळांना पाणी लागलेले असते. दोनशे पावलांच्या अंतरात जंगलाचा रंग बदलतो, तो या पाण्यामुळे.

चंद्रपूर-आलापल्लीच्या सागाला जी प्रतिष्ठा आहे, तिच्यामागेही हाच ऋतुबदल आहे. पावसाळ्यातील वाढ आणि कोरड्या काळातील विश्रांती यांमुळे सागाच्या खोडात दरवर्षी एक वलय तयार होते. चांगल्या पावसाच्या वर्षी ते रुंद, दुष्काळी वर्षी अरुंद. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी मध्य भारतातील सागाची वलये वाचून जुन्या पावसाचा मागोवा घेतला आहे. अयोध्येतील राम मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये येथून साग गेला. त्या लाकडावर दिसणाऱ्या रेषा म्हणजे मान्सूनचीच नोंदवही आहे.

पाने नसताना फुले कशी?

फेब्रुवारी-मार्चमध्ये जंगल उघडेबोडके होऊ लागते, त्याच वेळी पळस आणि काटेसावर फुलतात. पाठोपाठ मोह आणि बहावा. अन्न बनवणे बंद असताना फुलांचा खर्च झाड का करते?

पहिले कारण परागीभवन. पाने नसली की पळसाची केशरी फुले पक्ष्यांना दुरून दिसतात. मोह रात्री फुलतो आणि त्याच्या उग्र वासाने वटवाघळे येतात. उघड्या फांद्यांवर त्यांना उतरणे सोपे जाते. दुसरे कारण पावसाची तारीख. मार्च-एप्रिलमध्ये फूल लागले, तर फळ पिकून बी जमिनीवर पडेपर्यंत जून उजाडतो. मोहाचे बी फार काळ जिवंत राहत नाही. त्याला पडल्यावर लवकरच ओल मिळावी लागते. म्हणजे मार्चमधले फूल जूनमधल्या पावसाच्या भरवशावर उमलते.

साग याच्या उलट वागतो. तो ऐन पावसाळ्यात पांढऱ्या बारीक फुलांनी भरतो आणि त्याची फळे हिवाळ्यात पिकतात. पण त्याच्या बीवर इतके कठीण कवच असते, की ते आलटून पालटून भिजल्या-वाळल्याशिवाय रुजत नाही. चुकून पडलेल्या अवकाळी सरीने ते फसत नाही. दोन झाडे, दोन डावपेच, पण दोन्हींचे गणित एकाच पावसाळ्यावर बेतलेले.

बांबूचा हिशेब आणखी लांबचा. या भागातील मानवेल बांबू अनेक दशकांतून एकदा, मोठ्या पट्ट्यात एकाच वेळी फुलतो आणि बी धरून मरतो. दरवर्षी पावसाळ्यात त्याला फुटणारे कोवळे कोंब म्हणजे वास्ते. गावकऱ्यांच्या ताटात त्यांची भाजी असते आणि रानडुकरांनाही ते आवडतात.

एकाच जिल्ह्यात कापूसही आणि धानही?

हवामानाचा परिणाम जंगलापुरता थांबत नाही. चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिमेला वरोरा, कोरपना, राजुरा या भागांत काळी जमीन आणि कापूस-सोयाबीन आहे. पूर्वेला नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या तालुक्यांत पाऊस वाढतो, जमीन बदलते आणि धानाच्या बांध्या सुरू होतात. इथून गडचिरोली, भंडारा, गोंदियापर्यंतचा प्रदेश ‘झाडीपट्टी’ म्हणून ओळखला जातो. प्रदेशाचे नावच जंगलावरून पडले आहे. धान कापून घरात आले की झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो, म्हणजे रंगभूमीचे वेळापत्रकही पावसाने आखलेले.

धानाला पाणी उभे लागते आणि पाऊस तर चारच महिने. त्यावर या भागाने काढलेला उपाय म्हणजे मालगुजारी तलाव, ज्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत. झाडे खोडात आणि मुळांत पाणी राखतात, तसे माणसांनी ते गावाच्या वरच्या अंगाला राखले.

आणखी पूर्वेला छत्तीसगडमध्ये जंगलाची ओळख बदलते. साग विरळ होत जातो आणि सालाची वने सुरू होतात. साल पूर्ण निष्पर्ण होत नाही. जुनी पाने पडत असतानाच नवी फुटतात. त्यासाठी जमिनीत अधिक ओल लागते. सागाचा पश्चिमेकडील आणि सालाचा पूर्वेकडील प्रदेश जिथे एकमेकांना भेटतात, त्या सीमेच्या अलीकडे चंद्रपूर-गडचिरोली येते.

प्राणी हे वेळापत्रक कसे पाळतात?

झाड जागा सोडू शकत नाही, म्हणून पाने सोडते. प्राणी जागा बदलतात किंवा वेळ बदलतात. उन्हाळ्यात चितळ, सांबर, गवे पाणवठ्यांच्या आसपास राहतात. वाघ दुपारी पाण्यात बसून राहतो आणि पहाटे-संध्याकाळी फिरतो. उन्हाळ्यात ताडोबात व्याघ्रदर्शनाची शक्यता वाढते, त्याचे कारण विरळ झालेली झाडी आणि कमी झालेले पाणवठे. अस्वल मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली येते. पावसाळ्यात ते वारुळे उकरते. पहिल्या मोठ्या पावसानंतर वाळवीला पंख फुटतात, वारुळांजवळ सात्या उगवतात आणि बेडूक जमिनीतून बाहेर येतात. कीटकांची ही सुगी साधण्यासाठी नवरंग पक्षी पावसाच्या तोंडावर मध्य भारतात येतो आणि इथे घरटे करतो.

जिथे ओल अधिक टिकते, तिथे प्राण्यांची यादीही बदलते. शेकरूला झाडांच्या फांद्या एकमेकींना भिडलेल्या लागतात, म्हणून ती गडचिरोलीच्या दाट वनात राहते. उघड्या, विरळ रानात तिचा निभाव लागत नाही. गडचिरोलीच्या दक्षिणेला कोलामार्का परिसरात रानम्हशी आढळतात. त्यांना बारमाही पाणी, चिखल आणि गवत एकत्र हवे असते. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमार्गे रानहत्तींचा कळप गडचिरोलीत आला आणि या परिसरात रेंगाळला. बांबू, जंगलातील पाणी आणि कापणीला आलेले धान हे त्यांना इथे मिळाले. शेतकऱ्यांचे त्यात मोठे नुकसान झाले.

माणूस आणि वाघ एकाच वेळी एकाच जागी का?

या प्रदेशातील सर्वात वेदनादायक प्रश्नाचे एक मूळ हवामानात आहे. धानाचे पीक संपल्यानंतर शेतावर काम नसते. नेमक्या त्याच काळात जंगल देऊ करते मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि मेमध्ये तेंदूपाने. तेंदूची नवी पालवी उन्हाळ्यात फुटते. ती कोवळी, लवचीक असतानाच विडीसाठी उपयोगी असते. त्यामुळे काही आठवड्यांत सारी तोडणी उरकावी लागते. अनेक कुटुंबांचा वर्षभराचा रोख पैसा या हंगामातून येतो.

मोहफुले पहाटे गळतात आणि ती जनावरांच्या आधी वेचावी लागतात. तेंदूपाने तोडायलाही दुपारच्या ४५ अंशांत थांबता येत नाही. म्हणून माणसे अंधारातच निघतात. वाघही उन्हामुळेच पहाटे फिरत असतो. पाणी कमी असल्याने त्याचा वावर ठरावीक नाल्यांभोवती असतो. वाकून फुले वेचणारा किंवा झुडपात पाने तोडणारा माणूस त्याला माणूस म्हणून ओळखू येईलच असे नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिलांचा एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला.

वाघांची वाढलेली संख्या हे दुसरे कारण. २०२२ च्या गणनेनुसार महाराष्ट्रात ४४४ वाघ आहेत आणि त्यातील ९७ एकट्या ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातील. प्रकल्पाबाहेरच्या वनक्षेत्रातही वाघ मोठ्या संख्येने राहतात, आणि तिथेच गावेही आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात वाघांच्या हल्ल्यात दरवर्षी मृत्युमुखी पडणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत दोन आकडी राहिली आहे.

इथले हवामान नेहमी असेच होते का?

नाही, आणि त्याचे पुरावे चंद्रपूरच्या जमिनीत आहेत. देशातील सर्वात तप्त शहरांत मोडणाऱ्या चंद्रपूरच्या पश्चिमेला इरई येथे हिमनदीने घासून गुळगुळीत केलेला आणि ओरखडे उमटलेला खडक आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ मध्ये त्याची नोंद केली. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारत गोंडवन या महाखंडाचा भाग होता, दक्षिण ध्रुवाकडे होता आणि इथे बर्फ होता.

बर्फ वितळल्यावर थंड, दलदलीच्या प्रदेशात ग्लॉसोप्टेरिस या आता नामशेष झालेल्या वनस्पतीची जंगले वाढली. गाडली गेलेली ती जंगले म्हणजे वर्धा खोऱ्यातील कोळसा. आज तो बल्लारपूर, घुग्घुस, राजुरा परिसरातील खाणींतून निघतो आणि २९२० मेगावॉट क्षमतेच्या चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राच्या भट्ट्यांत जळतो. सिरोंचाजवळच्या कोटा गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकांत ज्युरासिक काळातील मासे आणि डायनोसॉर यांचे जीवाश्म सापडले. वडधमच्या जीवाश्म उद्यानात वृक्षांची दगड झालेली खोडे पाहता येतात. त्या काळच्या वनात ना साग होता, ना मोह. फुलझाडांचे युग अजून यायचे होते.

म्हणजे एकाच भूमीवर बर्फ, दलदल, सूचिपर्णी वृक्षांचे रान आणि पानझडी जंगल असे अवतार होऊन गेले. प्रत्येक वेळी हवामान बदलले आणि सजीवांचा संसार बदलला. फरक एवढाच, की ते बदल लाखो वर्षांत झाले. आताचा बदल माणसाच्या एका आयुष्यात मोजता येतो.

वेळापत्रक बिघडले तर?

तापमान एका अंशाने वाढले की हवा सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. याचा परिणाम दुहेरी असतो. कोरड्या दिवसांत हवा जमिनीतून आणि पानांतून जास्त पाणी शोषते. पाऊस पडतो तेव्हा तो थोड्या वेळात जास्त पडतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. जोरदार सरींचे पाणी जमिनीत मुरण्याआधी वाहून जाते. वर्षाचा एकूण आकडा तोच राहिला, तरी जंगलाच्या वाट्याला येणारी ओल घटू शकते.

पानझडी वनाला खरा धोका तारखा चुकण्याचा आहे. मार्च-एप्रिलमधील गारपीट आणि वादळी पाऊस मोहाचा फुलोरा झोडपतो. मेमधील पावसाने तेंदूपान डागाळते आणि वाळत घातलेली पुडकी काळी पडतात. जूनच्या पहिल्या सरींनी बी रुजले आणि नंतर तीन आठवडे पावसाने खंड दिला, तर कोवळी रोपे मरतात. मोठी झाडे उभी असल्याने जंगल वरून ठीक दिसते. खाली पुढची पिढी तयार झालेली नसते. हे नुकसान लक्षात यायला अनेक वर्षे जातात.

वणवे हा दुसरा धोका. पाचोळा, उष्णता आणि कोरडा वारा ही सामग्री हवामान पुरवते. ठिणगी बहुधा माणसाची असते. मोहफुले सहज दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही आग लावली जाते. उन्हाळा जितका तापेल आणि लांबेल, तितकी ही आग आवाक्याबाहेर जाते. मोठी झाडे जाड सालीमुळे तगतात, रोपटी जळतात. वारंवार वणवा लागणाऱ्या जागी वनाचे रूपांतर गवताळ, झुडपी रानात होऊ लागते.

उपाय काय?

हवामान जिल्ह्याच्या हातात नाही, पण जंगलाची सहनशक्ती काही प्रमाणात आहे. पहिला मुद्दा मिश्र वनाचा. वीस प्रकारची झाडे असलेल्या वनात एखाद्या वर्षी मोह फसला तरी चार, टेंभुरणी, बेहडा काहीतरी देतात. एकट्या सागाच्या लागवडीत तो आधार नसतो. आलापल्लीचे ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ हे जुने, राखीव वनखंड राज्याचे जैवविविधता वारसास्थळ आहे. न तोडलेले वन कसे दिसते, याचा तो नमुना आहे.

दुसरा मुद्दा वाटांचा. हवामान सरकले की सजीवांनाही सरकावे लागते. ताडोबातून उत्तरेला घोडाझरी, उमरेड-कऱ्हांडलाकडे आणि दक्षिण-पूर्वेला कन्हाळगाव, चपराळा, पुढे इंद्रावतीकडे जाणारे वनपट्टे वाघांच्या ये-जा करण्याचे मार्ग आहेत. रस्ते, कालवे, खाणी यांनी ते तुटले, तर प्राणी बेटावर अडकल्यासारखे होतील आणि बियांचा प्रवासही थांबेल.

तिसरा मुद्दा लोकांचा. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूची वाहतूक परवानगी देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. त्यानंतर अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदूचा व्यवहार स्वतः करू लागल्या. ज्याचे उत्पन्न जंगलावर आहे, त्याला वणवा परवडत नाही. मोहाखाली पाचोळा पेटवण्याऐवजी जाळी बांधली, तर फुले स्वच्छ मिळतात आणि आग लागत नाही. हंगामात गटाने जाणे, उजाडल्यावर निघणे, वाघाचा वावर असलेला भाग काही दिवस बंद ठेवणे हे वन विभागाचे आवाहन दरवर्षीचे असते. पण त्या दिवसांची मजुरी बुडणार असेल, तर ते पाळले जाणे अवघड आहे. बंद ठेवलेल्या दिवसांचा मोबदला हा त्यामुळे वन्यजीव संरक्षणाचाच भाग ठरतो.

चंद्रपूर-गडचिरोलीचे जंगल आठ कोरडे महिने सोसायला शिकलेले आहे. साग पाने गाळतो, मोह पावसाची तारीख धरून फुलतो, गावे मामा तलावांत पाणी साठवतात. या साऱ्यांनी एकच गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे जूनमध्ये पाऊस येईल आणि पुरेसा थांबेल. पुढच्या काळात उष्णतेच्या उच्चांकाच्या बातम्या येत राहतील. त्यांच्याइतकेच लक्ष मोह किती तारखेला फुलला, तेंदूला पालवी कधी फुटली आणि मोठ्या झाडांखाली रोपे किती उरली, या नोंदींकडेही द्यावे लागेल. जंगल बदलू लागले, तर ते पहिल्यांदा तिथेच दिसेल.